दिवा खाली, चांदण्या वर

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे आणि तिथे मी लोकांना आकाश चिकटवून देते. लग्न ठरलेली मुलं-मुली धरणाच्या पाण्याकाठी जाऊन कपाळाला कपाळ लावून उभी राहतात, रंगीत धुराच्या नळकांड्या फोडतात आणि मग स्टुडिओत येऊन म्हणतात, "मॅडम, मागे ते गोल गोल तारे टाका ना." मी टाकते. नवरामुलगा भर दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून उभा असतो आणि त्याच्या पाठीमागे मी रात्र लावते. सावली पायाखाली, चांदण्या डोक्यावर. कुणालाही खटकत नाही. मला मात्र दर वेळी शिसारी येते आणि त्या शिसारीवरच माझं घर चालतं.

ते गोल तारे माझेच असतात, हे त्याहून वाईट. कित्येक वर्षं मी ते काढते आहे. त्यात जादू काही नाही. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, तोंड उत्तरेला करायचं आणि तासन् तास एकामागून एक फोटो घेत राहायचे. पृथ्वी फिरते, म्हणून प्रत्येक फोटोत तारा थोडा सरकलेला असतो. ते सगळे फोटो कंप्युटरवर एकावर एक चढवले की ताऱ्यांच्या रेघा होतात आणि त्या ध्रुवाभोवती गोल फिरलेल्या दिसतात. आपल्याकडे ध्रुव काही फार उंच नसतो. हात लांब करून वीत धरली की करंगळी जमिनीला टेकते आणि अंगठा ध्रुवापाशी येतो. त्यामुळे उत्तरेची बाजू मोकळी हवी आणि काळोखी हवी. बाकी काही लागत नाही. पण काळोख ही गोष्ट आता आमच्या भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांत शोधत फिरावी लागते.

आधी मी वेल्ह्याकडे जायचे, राजगडाच्या पायथ्याला, पाली गावात. आता तिथे शनिवारी माणसं मुक्कामाला येतात ती स्पीकर घेऊनच. शांतता हवी म्हणून येतात आणि आल्या आल्या तिचा गळा घोटतात. एकाने माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगावरच टॉर्च मारून विचारलं होतं, "काय शूट करताय?" अंधार, म्हटलं. तो हसला आणि टॉर्च तशीच धरून राहिला. सकाळी बघावं तर बांधावर चिप्सची पाकिटं, करवंदीच्या जाळीला अडकलेले ओले कागद आणि भाताच्या खाचरात फुटलेली बाटली. त्याच खाचरात आषाढात बायका अनवाणी उतरणार असतात. एकदा मी त्या काचा वेचत बसले आणि शेजारी उभी असलेली एक मुलगी मला म्हणाली, "किती छान, तुम्ही क्लीनअप करता!" त्या दिवसापासून मी पाली सोडली.

राहिलं मामाचं अंगण. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत माझ्या मामाचं घर आहे. एसटी खाली सोडते आणि पुढे चढण चालत जायची. घराचं तोंड उत्तरेला. समोर उतरत गेलेली भातखाचरं, त्यापलीकडे ओढा आणि मग डोंगराची एक लांबट, बुटकी सोंड. त्या सोंडेच्या वर ध्रुव. फोटोसाठी याहून चांगली जागा मला कुणी सांगितली असती तरी मी विश्वास ठेवला नसता.

आकाश मला मामानेच दाखवलं. लहानपणी सुट्टीत गेले की तो मला नाचणीच्या राखणीला बरोबर न्यायचा. रानडुकरं येऊ नयेत म्हणून माळ्यावर बसून डबा वाजवायचा आणि मी झोपू नये म्हणून गोष्ट सांगायची, एवढंच ते काम. सप्तर्षी हा शब्द मला पुढे शाळेत कळला. मामाच्या लेखी ते खाटलं. चार चांदण्या म्हणजे खाटल्याचे चार खूर आणि मागच्या तीन म्हणजे तीन चोर. खाटलं एका म्हातारीचं, चांदीचं. चोर ते पळवायला टपलेले, म्हणून म्हातारी रात्रभर डोळ्याला डोळा लावत नाही. चोर फिरत राहतात, खाटलंही फिरत राहतं आणि उजाडलं की चोरांचा डाव फसतो. मग दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मी विचारायचे, म्हातारी झोपली तर? मामा म्हणायचा, "झोपंल कशी? तिचं तेवडं येकच तर हाय."

मी पहिल्यांदा त्याच्या अंगणातून ताऱ्यांच्या रेघा काढल्या आणि त्याचा मोठा फोटो करून त्याला नेऊन दिला, तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजी म्हातारीनं चोरांना रातभर पळवलं म्हन की!" तो फोटो अजून ओटीवर आहे. त्याच्यावर धूर बसून चांदण्या तांबूस झाल्या आहेत. माझ्या कामाचं असं कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं मला आठवत नाही.

मग मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, दोन्हीकडे. आधी धूसर, मग पांढरं, मग माणसं नुसत्या आवाजावरून ओळखायची पाळी. राखण बंद झाली. एकदा बांधावरून खाचरात पडला, तेव्हा मामीने डोक्यावर हात मारून घेतला आणि मला फोन केला. "तुजं ऐकत्यात. तूच ने बाय त्यास्नी भोरला." मी गेले. तीन वर्षं नाही नाही म्हणणारा मामा त्या थंडीत कबूल झाला, पण त्याची एक अट होती. "डोळा झाला की मी पयलं खाटलं बघनार. मग बाकीचं."

एक डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, दुसरा पूर्ण पिकलाय, पावसाळ्याच्या आत करून टाका, नाहीतर तो कायमचा जाईल. मामीने चूल बाहेर नेली, मामाने काळा चष्मा लावून औषधाचे थेंब निमूट घालून घेतले. शिमगा झाला, धूर बसला, डॉक्टरांनी बाहेर फिरायला मोकळीक दिली. दिवसा मामाला सगळं दिसत होतं. तो मामीला म्हणाला, "तू लई म्हातारी झालीस गं." मामी दोन दिवस बोलली नाही.

पौर्णिमा उलटून काळोखाचे दिवस आले तशी मी कॅमेरा घेऊन वाडीवर गेले. मधली दोन-तीन वर्षं माझं तिथे रात्री राहणं झालं नव्हतं. दिवसाउजेडी जायचं, भाकरी खायची, शेवटची एसटी धरायची, असंच चाललेलं. त्या संध्याकाळी अंगणात स्टँड उघडला आणि समोर बघितलं, तर सोंडेवर, नेमका ध्रुवाच्या खाली, एक दिवा पेटला.

दिवा म्हणणं म्हणजे त्या शब्दाचा अपमान आहे. लग्नाच्या मांडवात लावतात त्याच्या चौपट फोकस, उंच खांबावर, तोंड सरळ आमच्याकडे. खाचरं पांढरी झाली. मामाच्या घराची भिंत, गोठा, माझे हात, सगळं चुना लावल्यासारखं. वर बघावं तर आकाश नव्हतंच. एक दुधट पडदा आणि त्यात कुठे कुठे दोन-चार टिंबं. मामाच्या भावकीतल्या एकाने सोंडेवरची जमीन विकली होती, हे मला माहीत होतं. तिथे पुण्याच्या कुणा शेठनं फार्महाऊस बांधलंय आणि फाटकावर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी लावली आहे, हेही येता-जाता दिसलं होतं. निसर्गाच्या कुशीत शिरून त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारायची ही कुठली रीत, देव जाणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात मामा चष्मा काढून अंगणात आला. मामीने त्याचा हात धरला होता, तो त्याने सोडवला. मान वर करून तो बघत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग हळूच खाली बसला.

"गेला," म्हणाला. "डोळा गेला."

मी म्हटलं, "मामा, डोळा चांगला आहे. तो दिवा आहे ना, त्याच्यामुळे दिसत नाही."

"दिवा दिसतोय मला. दिवा तितं खाली हाय, चांदण्या वर हायत. खालचा दिवा वरच्या चांदण्यास्नी काय करंल?"

"उजेड पसरतो मामा, वर जातो."

"आमी कंदील लावून बसायचो तवा चांदण्या जायच्या व्हय? पोरी, मला नको शिकवू. जाळी व्हती तशीच हाय. डॉक्टरनं वरवरचं पुसलं निस्तं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दिवा लागला तो मामाच्या आंधळेपणाच्या वर्षांत. रात्री समोर जे पांढरं दिसायचं ते त्याने मोतीबिंदूतच धरलं होतं. मोतीबिंदू गेला, पांढरं तसंच राहिलं. त्याचा हिशेब त्याच्या बाजूने बरोबर होता. मामीही म्हणाली, "आगं, दिवा तर कवाचा हाय. आमाला काय तरास न्हाई त्याचा, उलट परसाकडं जायाला बरं पडतं." वर बघतं कोण? वाडीतल्या कुणालाच आकाश गेल्याचा पत्ता नव्हता. मला त्यांचीही चीड आली, शेठची आली त्याच्या निम्म्याने तरी आली.

मी मोबाईलवर माझे दुसरीकडे काढलेले फोटो दाखवले. हे बघा, अंधार असला की असं दिसतं. मामाने नीट बघितले आणि परत दिले. "फोटुत काय बी करत्यात. तूच सांगतीस, भर दुपारच्या नवऱ्याला चांदण्या चिकटवून देतीस म्हनून." त्याला गाडीत घालून घाटाच्या बाजूला न्यावं म्हटलं, तर रस्ता उकरलेला, धुरळा, आणि डॉक्टरांनी धक्के नकोत म्हणून बजावलेलं. शिवाय तो म्हणाला, "दुसऱ्याच्या रानातलं खाटलं बघून मला काय कळंल? माजं हितं निगतं."

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावरचे तीन दातांचे काटे कुठल्या बाजूला वळलेत ते विचारलं, मामाने सगळे सांगितले. डॉक्टर खूश. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाला, "त्यो भिताडावरलं इचारतोय. आबाळाचं इचारलं का त्यानं?" आणि मग सरळ तोडून टाकलं, "एक बिगडवला, आता दुसरा बी देऊ व्हय त्याच्या हातात? न्हाई जमायचं." मामी रडकुंडीला आली. माझ्यापुढे एवढंच होतं: पावसाच्या आत मामाला त्याच्याच अंगणातून खाटलं दाखवायचं, नाहीतर दुसरा डोळा जाणार.

मी सोंडेवर गेले. तिथला राखणदार म्हणजे जमीन विकणाऱ्याचा सख्खा भाऊ. आपल्याच वडिलांच्या रानात खुर्ची टाकून पहारा करत होता. "ताई, माज्या हातात बटनच न्हाई," म्हणाला. "शेठ पुन्यातनं मोबाईलवर लावत्यात, मोबाईलवर घालवत्यात. क्यामेऱ्यात दिसायला पायजे म्हनं." कॅमेरे कशासाठी, विचारलं. "वरीसभर चोरबीर कोन आलंय न्हाई तसं. पर आसावं म्हनत्यात." म्हणजे कुणी येत नाही हे नीट दिसावं म्हणून आमची रात्र जाळायची. मला तिथेच थुंकावंसं वाटलं.

शेठचा नंबर घेऊन फोन केला. माणूस गोड बोलला, त्याचाच जास्त राग आला. मी मामाचं सगळं सांगितलं, डोळा, खाटलं, पाऊस. तो म्हणाला, "अरेरे, किती इमोशनल!" आणि लगेच विचारलं, "तुम्ही स्टार ट्रेल्स काढता? मग असं करू या ना. मी एका संध्याकाळी तासभर लाईट बंद ठेवतो, तुम्ही मला फार्महाऊसवर गोल तारे असलेला एक फोटो द्या. आतले पिवळे बल्ब चालू ठेवायला सांगतो, मस्त वॉर्म दिसेल. गेस्ट लोकांना आकाशच तर दाखवायचंय आम्हाला."

ज्याने आकाश घालवलं त्यालाच ते जाहिरातीला हवं होतं. पण तासभर अंधार दुसरीकडून कुठून आणणार होते? हो म्हटलं.

पाडव्याच्या आदली रात्र ठरली, अमावास्येची. मी मामाला काही सांगितलं नाही. शेठने शब्द फिरवला तर त्याला पुन्हा डोळा गेल्याचं वाटायला नको. अंगणात स्टँड लावला. चौकटीत मुकाट फार्महाऊस घेतलं. मामा ओटीवर पाय सोडून, पाठमोरा, रुसल्यासारखा बसला होता. मामी आत गुढीची काठी पुसत होती. आठच्या सुमाराला दिवा गेला.

एका क्षणात नाही दिसलं. डोळ्यांना अंधाराची सवय सुटली होती. आधी सोंडेची कड उमटली, मग तिच्यावर एक-दोन, मग डावीकडे, मग डोक्यावर, आणि मग सगळीकडून एकदम इतक्या आल्या की मी कॅमेऱ्याचं बटण दाबायला विसरले. ते दाबलं आणि मामाला हाक मारली. "मामा, इकडे या. वर बघा."

तो आला. मान वर केली. मी त्याच्याकडे बघत होते, आकाशाकडे नाही. ईशान्येकडे बोट करून तो मोठ्याने म्हणाला, "आगं ये, भायेर ये! खाटलं!" मामी काठी हातात घेऊनच धावत आली. मामा खूर मोजत होता. "ह्यो एक, ह्यो दोन, ह्यो बघ, आन् ह्यो. चारी खूर हायत. आन् ह्यो पयला चोर. ह्यो दुसरा." मग थांबला. "तिसरा कुठंय?"

"डोंगराआड आहे अजून. येईल थोड्या वेळात," मी म्हटलं.

"यील, यील. त्यो दर बारीला मागंच असतोय." तो ओट्याच्या कडेला बसला, मामीला शेजारी बसवलं आणि हसत म्हणाला, "डॉक्टरला उगं बोल लावला मी. डोळा बेस हाय." कित्येक दिवसांत मी इतकी खूश झाले नव्हते. मनातल्या मनात मी दुसऱ्या डोळ्याची तारीखसुद्धा धरली. आम्ही तिघं तिसऱ्या चोराची वाट बघत बसलो.

आणि दिवा लागला. तास व्हायला अजून बराच अवकाश होता. पांढरं झालं. खाटलं गेलं, चोर गेले, सोंड गेली. मामाने हात डोळ्यांवर धरला. समोरच्या वाटेने गाड्यांचे दिवे वर चढत होते. पाडव्याच्या सुट्टीचे पाहुणे आले असणार. गाडीतून उतरून कुणीतरी ओरडलेलं आम्हाला अंगणापर्यंत ऐकू आलं, "वॉव, काय डार्क आहे इथे!" त्या दिव्याखाली उभं राहून!

मामाने एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा वर बघितलं, पुन्हा दिव्याकडे. मी म्हटलं होतं ते त्याला आता कळत होतं, आणि मला वाटलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी गुढी उभारली. मी कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर एकावर एक चढवले. पिवळ्या खिडक्यांच्या फार्महाऊसवर नखांच्या कापांएवढ्या तोकड्या रेघा आल्या होत्या. तो फोटो शेठला पाठवला. शब्द दिला होता. अर्ध्या तासात उत्तर आलं, सोबत जोडलेल्या हातांचं चित्र, "सुंदर! फक्त गोल पूर्ण नाही झाले. कंप्युटरवर पूर्ण करून द्याल का?" मी मोबाईल पिशवीत टाकला आणि हात धुऊन आले.

मामा अंगणात गुढीपाशी बसला होता. मामीने कडुलिंबाची चटणी त्याच्या तळहातावर ठेवली, ती त्याने तोंड वाकडं न करता खाल्ली. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले.

"मामा, आता पटलं ना? डोळा चांगला आहे."

"पटलं की. डोळ्यात काय सुदिक खोट न्हाई. तुजं बराबर व्हतं."

"मग उद्याच्या एसटीने चला. दुसऱ्याची तारीख घेऊ."

मामा हसला. रात्री हसला होता तसं नाही. पलीकडे सोंडेवर भर उन्हात फोकस अजून तसाच जळत होता, घालवायचा विसरले होते. मामाने हनुवटीने तिकडे दाखवलं.

"कशापायी गं? त्यो एका डोळ्यानं बी दिसतोय की."